वर लिहिलंय, मग जाईल

तुमच्या फोनच्या वरच्या कोपऱ्यात आत्ता जे अक्षर दिसतं आहे ते तिथं कोणी लिहिलं, असं तुम्ही कधी कोणाला विचारलं आहे का?

मी विचारलं नव्हतं. विचारायची सवय खरं तर मला घरातूनच होती. मी पत्रकांवर वाढले. आमचं घर सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्याही वर. भिंती बांबूच्या, त्यावर शेणामातीचा लेप. आबा, म्हणजे माझे वडील, मोर्चाला किंवा बैठकीला गेले की येताना खिशात घडी घातलेली पत्रकं आणायचे. जंगलजमिनीच्या दाव्यांची, रेशनची, मजुरीच्या दराची. वाचून झाल्यावर ती चुलीत जात नसत. आबा ती भाताच्या पेजेनं भिंतीला चिकटवायचे. गुलाबी, पिवळी, पोपटी. वारा थांबायचा आणि मला वाचायला मिळायचं. घरात आम्ही भिली बोलतो. मराठी मला शाळेच्या आधी भिंतीवर भेटली, आणि तीही मागण्यांची मराठी. 'त्वरित' हा शब्द मला 'लवकर'च्या आधी येत होता. पहिलीत गुरुजींनी विचारलं, तहान लागली तर काय म्हणशील? मी उभी राहून म्हणाले, पिण्याच्या पाण्याची सोय त्वरित करण्यात यावी. गुरुजी हसले. मला कळलं नाही काय चुकलं.

आबा स्वतः वाचायला शिकले ते बाप झाल्यावर, त्याच पत्रकांवर. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. त्यांचा एक नियम होता. पत्रक हातात आलं की आधी तळ बघायचा. कोणी काढलं आहे, कोणाचं नाव आहे, शंका आली तर विचारायला कुठं जायचं. "ज्याच्या खाली नाव आहे ते खिशात," ते म्हणायचे. "ज्याच्या खाली नाव नाही ते भिंतीला. वारा तरी अडेल."

आबांना दमा होता. हे आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती आहे. थंडी पडली की दम वाढायचा, आणि एखाद्या सकाळी इतका वाढायचा की तोंडात मारायच्या पंपानं भागायचं नाही. मग त्यांना मोलगीच्या दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागायचा. वेळेत नेलं की संध्याकाळपर्यंत ते उठून बसत, चहा मागत आणि दवाखान्याच्या भिंतीवरचे सगळे फलक नर्सबाईंना मोठ्यानं वाचून दाखवत. वेळेत नेलं नाही तर काय, हे आम्हाला माहीत होतं. ते आम्ही बोलत नसू. दर हिवाळ्यात आमच्या घरापुढे एवढाच प्रश्न असायचा, की जीपवाल्यापर्यंत निरोप कसा लवकर पोचेल.

निरोपाची आमच्याकडे रीत होती. आमचं गाव म्हणजे ओळीतली घरं नव्हेत. एकेक घर एकेका टेकाडावर, मध्ये दरी, नाला, शेत. शेजारी म्हणजे समोरच्या डोंगरावरचं घर. चालत जायचं तर दम निघतो, पण आवाज लगेच जातो. म्हणून हाक. तोंडाशी तळहात धरून लांब सोडलेला आवाज, शेवटाला वर उचललेला. ऐकणाऱ्यानं तशीच हाक परत द्यायची, म्हणजे पोचली. मग तोंड फिरवून पुढच्या टेकाडाला द्यायची. काय झालं, कोणाला झालं, हे मागून. आधी हाक पुढे. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांचीही हाक पुढे द्यायची, आणि मग पुन्हा बोलणं बंद ठेवायचं. आमच्या समोरच्या टेकाडावरच्या काकीचं आणि याहाचं, म्हणजे माझ्या आईचं, एका बकरीवरून एक अख्खं वर्ष वाजलं होतं. त्या वर्षीही काकीनं आबांसाठी हाक दिली. दुसऱ्या दिवशी नाल्यावर भेटल्या तर दोघींनी एकमेकींकडे पाठ केली.

शेवटचं घर माझ्या चुलत्यांचं, खिंडीवर. त्यांच्या अंगणापलीकडे मोहाचं झाड आहे, आणि त्या झाडाच्या एका फांदीवर नर्मदेपलीकडच्या, गुजरातमधल्या टॉवरची रेंज यायची. घरात नाही, अंगणात नाही, फांदीवर. चुलत्यांचा बटणांचा फोन कापडी पिशवीत तिथं टांगलेला असायचा. पाड्यातल्या इतरांचेही. लांबून सुगरणीची घरटी वाटायची. हाक खिंडीवर पोचली की चुलते झाडाखाली उभं राहून जीपवाल्याला फोन करायचे, नंतर मला. त्या फोनमध्ये कितवा जी होता हे कोणाला ठाऊक नव्हतं. आवाज जायचा. त्याच रीतीनं आबा कितीतरी हिवाळ्यांतून बाहेर आले.

मी नंदुरबारला एका छापखान्यात मजकूर जुळवते. लग्नपत्रिका, दुकानांची बिलबुकं, निवडणूक आली की जाहीरनामे, आणि अधूनमधून आमच्या लोकांची पत्रकं. मिरची बाजार जवळ आहे, हंगामात आम्ही सगळे शिंकत काम करतो. फाइव्ह जीचे फलक लागले तेव्हा आधी स्टेशनच्या रस्त्याला लागले. एका कंपनीचा 'खरा', दुसरीचा 'प्लस', कुठं 'अमर्याद', कुठं 'विजेसारखा'. छापखान्यात काम करणाऱ्याला मथळ्याशेजारी चांदणी दिसली की नजर तळाशी जाते. तळाशी मुंग्यांएवढी अक्षरं होती. रस्त्यावरून वाचता येईनात म्हणून मी दुभाजकावर चढले. एक रिक्षावाला ब्रेक दाबून ओरडला, "ओ ताई, मरानं शे का?" मी वाचलं. निवडक ठिकाणी. पात्र फोनवर. प्रत्यक्ष अनुभव वेगळा असू शकतो.

छापखान्यातले मशीन चालवणारे दादा दुपारी डबा खाताना म्हणाले, "ताई, हाऊ जी म्हंजे काय व्हस?"

"जी म्हणजे पिढी, दादा. तिसरी पिढी, चौथी, आता पाचवी."

"मन्हा पोऱ्यानी इयत्ताच शे मंग. नापास व्हयना तरी वर ढकली देतस."

आम्ही सगळे हसलो. मीही.

त्याच सुमारास आमच्या पाड्याखाली, आश्रमशाळेजवळ टॉवर उभा राहिला. मला आनंद झाला, हे खरं सांगते. टॉवरची मागणी आमच्याच पत्रकात होती आणि तो मजकूर मीच जुळवला होता. त्यात 'त्वरित' होतंच. उद्घाटनाला मंडप पडला, ढोल वाजला. टॉवरच्या पायथ्याला फलक होता, आपला पाडा जगाशी जोडला. एकसारखे टीशर्ट घातलेली मुलं टेबल मांडून बसली होती आणि सगळ्यांची जुनी कंपनी बदलून नवी कार्डं देत होती. अंगठा ठेवा, झालं. मोहावर टांगलेले फोनही लोकांनी उतरवून आणले आणि त्यांतली कार्डं बदलून घेतली. चुलत्यांनीही घेतलं. नर्मदेपलीकडच्या टॉवरशी आमचा संबंध त्या दिवशी एका मंडपात संपला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

भाऊ दर वर्षी गुजरातमध्ये ऊसतोडीला जातो. जाण्याआधी त्यानं आबांसाठी फोन घ्यायचं ठरवलं. खापर गावच्या बाजारी मीही गेले होते. दुकानदार शहाद्याकडचा, बोलायला गोड.

"दाजी, तुमना गावले टावर ई गया ना? मंग हाऊच ल्या. फाइव्ह जी शे. पाच साल देखानं काम नही."

आबांनी फोन उलटा केला. मागं बघितलं, खोका बघितला, खोक्याचा तळ बघितला. मग त्यांच्या जपून बोललेल्या मराठीत विचारलं, "शेठ, याच्याखाली सही कोणाची आहे?"

"सही?" दुकानदार मोठ्यानं हसला. "दाजी, मोबाइल शे हाऊ, सातबारा नही."

दुकानातले सगळे हसले. आबा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. थांबून राहिले. शेवटी दुकानदारानं बिल फाडलं, त्यावर सही केली, शिक्का मारला. "ह्या ल्या. सही बी, शिक्का बी." आबांनी ओळीखाली बोट ठेवून बिल वाचलं. त्यात फाइव्ह जी असं लिहिलं होतं. त्यांनी त्याची घडी घातली आणि ती खिशात ठेवली.

घरी आल्यावर भावानं फोन चालू केला. वरच्या कोपऱ्यात अक्षर उमटलं, शेजारी दांड्या पूर्ण भरलेल्या. आबांनी फोन उंबऱ्याशी नेऊन याहाला दाखवला. तिला वाचता येत नाही. त्यांनी तिचं बोट धरून अक्षरावर ठेवलं. "हे दिसतंय तोवर आवाज जातो," ते म्हणाले. भावानं तिला माझा फोटो दाखवून दिला, त्याच्यावर दाबलं की माझ्याशी बोलता येतं. बोलणं लागलं नाही तर माइकवर बोट दाबून बोलायचं, बोट उचलायचं, निरोप जातो. चिमुकलं घड्याळ दिसलं तर समजायचं, जातोय. थांबायचं.

पहिले काही दिवस तो खरंच चालला. मग कधी चालायचा, कधी नुसतं चक्र फिरायचं. अक्षर मात्र गेलं नाही, दांड्याही कमी झाल्या नाहीत. आता इथं आमच्या लोकांनी जे केलं ते दुसरीकडच्या लोकांनी केलं नसतं असं मला वाटतं. कोणी टॉवरवर शंका घेतली नाही. आपल्यालाच चालवता येत नाही, असं सगळ्यांनी धरलं. चुलते म्हणायचे, बोटं जाड आहेत आपली. काकीची सून म्हणायची, हात ओले असले की लागत नाही. कोणी फोन पुसायचं, कोणी उन्हात ठेवायचं. लिहिलेलं खोटं असेल हे कोणाच्या मनात आलं नाही. आमच्याकडे लिहिणं उशिरा आलं. ते ज्यांच्याकडून आलं ते नाव घालून लिहिणारे लोक होते. लिहिलेल्या कागदानं आम्हाला जमिनीचे तुकडे मिळाले आहेत. आम्ही लिहिलेल्यावर तुमच्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

आणि हाक थांबली. कोणी थांबवली नाही. आश्रमशाळेतल्या पोरी हाक ऐकली की हसायच्या, घरात फोन असून काय ओरडता. मोह रिकामा झाला. हाका उरल्या त्या बकऱ्यांसाठी आणि जेवायला न येणाऱ्या पोरांसाठी.

त्या सकाळी मी छापखान्यात होते. एका पतसंस्थेच्या अहवालाची मुद्रितं तपासत होते. फोन टेबलावर, समोरच. वर फाइव्ह जी लिहिलेलं. तो वाजला नाही. दुपारनंतर वाजला तो मोलगीच्या रस्त्यावरून. आमच्या पाड्यातला एक माणूस टेकाड उतरून, चालत तिथवर आला होता. त्यानं माझं नाव घेतलं आणि म्हणाला, आबा गेले. मी विचारलं, कुठे. असं विचारलं हे मला आठवतं. तो म्हणाला, घरीच.

मी मुद्रितांवर पेपरवेट ठेवलं. एसटीनं अक्कलकुव्याला गेले, तिथून जीपनं. जीपमध्ये कोणीतरी मोठ्यानं व्हिडिओ बघत होतं आणि घाट चढेपर्यंत तो चालला. मी खिडकीतून बघत होते. काही वाटत नव्हतं. जीभ चावल्यावर थोडा वेळ जसं काही वाटत नाही, तसं. ते 'थोडा वेळ' पुढे संपलंच नाही.

काय झालं ते याहानं मला सांगितलं. आमच्या बोलीत सांगितलं, मी इथं मराठीत लिहिते. ती बकऱ्या सोडून आली तेव्हा आबा खाटेवर दोन्ही हात टेकून बसले होते, पंप संपत आलेला. तिनं फोन घेतला. माझ्या फोटोवर दाबलं. चक्र फिरलं. परत दाबलं. मग माइकवर बोट ठेवून बोलली. घड्याळ आलं. ती थांबली. थोड्या वेळानं परत बोलली. परत घड्याळ आलं. मग तिनं अंगणात येऊन हाक दिली. समोरच्या टेकाडावरून परत हाक आली नाही. तिनं दोनदा दिली, तीनदा दिली. मग आत जाऊन आबांची पाठ चोळत बसली आणि फोनकडे बघत राहिली. धावत खिंडीवर जायचं तर आबांना एकटं टाकावं लागलं असतं. फोन हातात होता. फोनवर अक्षर होतं.

काकी आली तेव्हा मी तिथंच होते. ती ओट्याच्या कडेला बसली. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला.

"मी ऐकली हाक," ती याहाला म्हणाली. "सून म्हणाली, बकरीला देत असेल. मला वाटलं, तुमच्याकडे फोन आहे."

"आहे," याहा म्हणाली.

कोंबडी आत शिरली, याहानं तिला हाकलली. मला काकीवर ओरडायचं होतं असं मी कोणाला सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला काहीच करायचं नव्हतं. भिंतीवर एक पोपटी पत्रक अर्धं सुटलं होतं, मी ते तळहातानं दाबून धरलं. हात काढला की ते परत सुटायचं.

आबांना निरोप देऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, भाऊ गुजरातहून पोचायचाच होता, घरात भाऊबंद बसले होते आणि कोणीतरी चहा गाळत होतं. माझ्या पिशवीत फोन वाजला. लागोपाठ वाजला. मी काढून बघितला. आबांच्या नंबरवरून याहानं बोललेले निरोप आले होते, एकाखाली एक. आबांचा फोन कोनाड्यात पडला होता आणि याहा माझ्यासमोर बसली होती. तेव्हाच का आले, हे मला माहीत नाही. टॉवरला कुठंतरी वाट मोकळी मिळाली असेल.

मी पहिला लावला.

"बाई, आबाला दम लागलाय. जीपवाल्याला सांग. ऐकतेस ना?" मग नुसता श्वासाचा आवाज, तो याहाचा नव्हता.

दुसरा लावला. "बाई, अजून घड्याळच दिसतंय." आणि मागून आबा. एकेक शब्द सुटा, मध्ये ओढलेला श्वास. "वर... लिहिलंय ना. मग जाईल. थांब."

तिसऱ्यात कोणीच बोललं नव्हतं. बोट चुकून पडलं असावं. कोंबड्यांचा आवाज होता.

चहाची चाळण धरलेला माणूस तसाच थांबला होता. याहा माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. तिला स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी ऐकू आला नव्हता.

"मी इतकी हळू बोलले?" ती म्हणाली. "मी मोठ्यानं बोलायला पाहिजे होतं."

मी तिला सांगितलं, याहा, मोठ्यानं बोलून काही होत नाही यात. ती हो म्हणाली. पण डोंगरापलीकडे आवाज पोचवायचा तर छातीतून काढावा लागतो, हे तिला लहानपणापासून माहीत आहे, आणि माझं म्हणणं तिनं कालपरवापासून ऐकलं आहे. अजूनही ती फोनवर बोलते तेव्हा पदर खोचून, उभी राहून, ओरडून बोलते.

नंदुरबारला परत आल्यावर मी कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. गाणं ऐकलं, बटणं दाबली, शेवटी एक मुलगी बोलली. तिचा आवाज माझ्याच वयाचा होता.

"मॅडम, तुमच्या भागात फाइव्ह जी उपलब्ध आहे."

"चालत नाही."

"तुमच्या फोनवर चिन्ह दिसतंय का, मॅडम?"

"दिसतंय."

"मग सेवा सुरू आहे, मॅडम."

"चिन्ह दिसतं, पण निरोप दुसऱ्या दिवशी पोचतो."

"वेग परिस्थितीनुसार बदलू शकतो, मॅडम. आणखी काही मदत करू का?"

मी तिला विचारलं, हे चिन्ह तिथं कोण लिहितं, तुमच्याकडे त्याचं नाव आहे का? तिनं मला शुभ दिवस चिंतला. तिच्याशी माझं भांडण नाही. तिलाही समोरच्या पडद्यावर लिहिलेलं वाचायचं असतं.

त्यानंतर मी त्याबद्दल वाचायला लागले, छापखान्यातून सुटल्यावर, जेवढं समजेल तेवढं. समजलं ते इतकंच. फोनवरच्या दांड्या सांगतात की जवळचा टॉवर तुम्हाला दिसतो आहे. टॉवरच्या मागची वाट किती रुंद आहे, ते त्या सांगत नाहीत. डोंगरातला टॉवर बहुतेकदा हवेतूनच दुसऱ्या डोंगरावरच्या टॉवरला बोलतो, तो तिसऱ्याला, तेव्हा कुठं शहर येतं. थेट आमच्या हाकेसारखंच. मधल्या एकानं पुढे दिली नाही की संपलं. आमच्या टॉवरच्या मागं वाट अडली होती की वीज नव्हती की आणखी काही, हे मला कोणी सांगितलेलं नाही. आणि कोपऱ्यातलं अक्षर? काही ठिकाणी फोनला टॉवर एवढंच कळवतो की इथं पाचवी पिढी मिळू शकते, आणि फोन ते अक्षर रंगवून मोकळा होतो. तुमचं बोलणं चौथीवरून जात असेल, किंवा कशावरूनच जात नसेल. अक्षर बदलत नाही. मिळू शकते आणि मिळते, यांत आमच्या पत्रकांनी कायम फरक केला. 'रेशन मिळू शकते' असं कोणी लिहून आणलं असतं तर आबांनी ते भिंतीला लावलं असतं.

यात कोणी खोटं बोललं असं दाखवता येत नाही, हे मला सगळ्यात जड जातं. फलकावर चांदणी होती. चांदणीखाली मुंग्या होत्या. बिलावर सही होती, ती फोन विकल्याची होती. टॉवर उभा होता. मोर्चा न्यायचा तर कोणाच्या दारात? मी लहानपणापासून दारं बघत आले आहे, तहसीलचं, वन खात्याचं, कारखान्याचं. या अक्षराला दार नाही. ते निनावी पत्रक आहे, आणि ते आज देशातल्या प्रत्येकाच्या तळहातावर चिकटवलेलं आहे. मला हे लिहिताना राग यायला हवा. हात नेहमीप्रमाणे चालतो आहे, शब्द नेहमीचे येत आहेत. राग आहे असं मी धरून चालले आहे.

भाऊ आला तेव्हा त्यानं आबांचा सदरा झटकला तर खिशातून बिल पडलं. तो ते चुलीत टाकायला निघाला. याहा म्हणाली, भिंतीला लाव. त्यानं भाताची पेज मागितली आणि सुटलेल्या पोपटी पत्रकाच्या वर ते चिकटवलं. दोन्ही मिळून आता सुटत नाहीत.

चुलत्यांनी खापरहून जुन्या कंपनीचं कार्ड आणलं आणि बटणांचा फोन मोहावर परत टांगला आहे. शेजारी आणखी काही पिशव्या आल्या. काकीच्या सुनेचं तर असं झालं आहे की कोणाचीही हाक आली की ती पुढे देते. पोरं खेळताना ओरडली तरी देते. परवा एका शेळीसाठी दिलेली हाक खिंडीपर्यंत गेली आणि चुलत्यांनी जीपवाल्याला फोन केला. जीप आली, जीपवाला चिडला, सगळे त्याला हसले. काकी म्हणाली, "येऊ दे. रिकामी आली तर आली." याहानं त्याला चहा केला.

मी एक पत्रक काढलं आहे. त्यात जे इथं लिहिलं तेच थोडक्यात आहे, आणि तळाशी माझं नाव, गाव आणि मी कुठं भेटेन ते आहे. इथं नाव घातलेलं नाही, कारण ही आठवण आहे, आणि तिच्यात माझ्याशिवाय इतर लोक आहेत. पण मागणी मी तुमच्यापाशीही करते, एकच. तुमच्या गावात, वस्तीत, टॉवरखाली नव्हे, सगळ्यात शेवटच्या घरी जा. त्या घरातल्या माणसाला त्याच्या फोनवरून दवाखान्याला किंवा जीपवाल्याला फोन लावायला सांगा, आणि लागेपर्यंत त्याच्याशेजारी उभे राहा. लागला की नाही ते एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो कागद कंपनीच्या फलकाच्या तळाशी, त्या बारीक अक्षरांवर चिकटवा. खाली तुमचं नाव घाला.